बालाघाटातील ऋतुचक्र आणि निसर्गपर्यटन : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : बालाघाट, निसर्गपर्यटन, ऋतुमान, हंगामी स्थलांतर, सीताफळ, मयूर अभयारण्य.

प्रस्तावना

'डोंगरावरील पर्यटनस्थळ' म्हटले की महाराष्ट्रात महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. यांपैकी बहुतेक स्थळांचा विकास ब्रिटिश अमदानीत झाला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर उभे राहिले, तर १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान प्रकाशात आणले. उन्हाळ्यात मैदानी उष्म्यापासून सुटका हा या स्थळांमागचा मूळ हेतू होता. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे बीडच्या डोंगराळ भागाच्या वाट्याला गव्हर्नरांचे बंगले आले नाहीत, घोड्यांच्या सफरीही आल्या नाहीत आणि डोंगरगाडीही आली नाही. 'पर्यटनस्थळ' या शब्दाची जी प्रतिमा जनमानसात रुजली, तीत बालाघाटाला स्थान मिळाले नाही.

बीड जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते प्रामुख्याने दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर या संदर्भात. ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. तथापि याच जिल्ह्यात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई आणि परळी या तालुक्यांतून डोंगररांगा, दऱ्या, धबधबे, किल्ले, लेणी आणि वन्यजीवांचा अधिवास पसरलेला आहे, हीदेखील तितकीच खरी वस्तुस्थिती होय. या दोन वस्तुस्थितींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बालाघाटाचे निसर्गऋतू आणि तेथील माणसांच्या स्थलांतराचे ऋतू एकाच पंचांगावर चालतात. म्हणूनच येथील पर्यटनाचा विचार केवळ सौंदर्याचा राहत नाही, तो उपजीविकेचाही होतो.

उद्दिष्टे

१. बालाघाट डोंगररांगेची भौगोलिक वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. निसर्गप्रेमी पर्यटकांच्या दृष्टीने येथील ऋतुनिहाय आकर्षणांचा आढावा घेणे.
३. पर्यटनाचा हंगाम आणि ऊसतोड स्थलांतराचा हंगाम यांतील संबंध उलगडणे.
४. निसर्गपर्यटनातील अडचणी व उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी दुय्यम साधनसामग्रीवर आधारित आहे. वर्षा, शरद, हिवाळा आणि उन्हाळा असे वर्षाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागात पर्यटकाला काय पाहता येते आणि स्थानिकांना काय मिळू शकते, अशा दुहेरी दृष्टीने विवेचन केले आहे.

अभ्यासक्षेत्र : भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीपासून फुटलेली हरिश्चंद्र-बालाघाट रांग अहिल्यानगर जिल्ह्यातून आग्नेयेकडे सरकत बीड जिल्ह्यात प्रवेश करते. 'बाला' या फारसी शब्दाचा अर्थ 'वरचा'. घाटमाथ्यावरचा प्रदेश तो बालाघाट. त्याच्या उत्तरेस गोदावरीच्या काठाचा सखल, काळ्या मातीचा पट्टा आहे. त्यास स्थानिक बोलीत 'गंगथडी' म्हणतात. गेवराई व माजलगाव तालुक्यांतील गंगथडी आणि पाटोदा-धारूरकडील घाटमाथा या दोहोंतील फरक जमिनीत, पिकांत, घरांच्या बांधणीत व माणसांच्या राहणीत स्पष्ट दिसतो.

ही रांग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. कठीण व मृदू थरांची झीज असमान होत असल्याने माथा सपाट आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या, अशी येथील डोंगरांची ठेवण बनली आहे. नदी कठीण थराच्या काठावरून खाली झेपावते तेथे धबधबा निर्माण होतो. सौताडा व कपिलधार येथील धबधब्यांचे रहस्य हेच होय.

जलविभाजक म्हणूनही या प्रदेशाचे महत्त्व मोठे आहे. मांजरा नदी पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. सिंदफणा आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा यांचा उगमही याच डोंगराळ भागात आहे. या नद्यांचे पाणी अखेरीस गोदावरीस मिळते. याच तालुक्यात सौताड्याच्या कड्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र जामखेडमार्गे सीनेला, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन महानद्यांच्या खोऱ्यांत विभागला जातो, ही गोष्ट भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशापेक्षा प्रत्यक्ष डोंगरमाथ्यावर उभे राहून अधिक चांगली समजते.

उंचीच्या बाबतीत बालाघाटाची महाबळेश्वराशी तुलना होऊ शकत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बालाघाटाचा माथा साधारणपणे सहाशे ते नऊशे मीटरच्या दरम्यान आहे. पर्जन्यछायेत असल्याने जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आतबाहेरच राहते. म्हणून येथे 'मराठवाड्याचे महाबळेश्वर' शोधणे ही विचारातील मूलभूत चूक ठरेल. बालाघाटाचे आकर्षण सदाहरित वनराईत नाही, तर ऋतूगणिक पूर्णपणे पालटणाऱ्या रूपात आहे.

ऋतुनिहाय आकर्षणे

१) वर्षा ऋतू (जुलै ते सप्टेंबर)

सह्याद्रीच्या घाटांत जूनअखेरीसच धबधबे धावू लागतात. बालाघाटात तसे घडत नाही. मृगाचा पाऊस तहानलेल्या जमिनीतच जिरतो आणि ओढ्यांना धार लागण्यास अनेकदा श्रावण उजाडतो. सप्टेंबरचा पाऊस येथे विशेष महत्त्वाचा असतो. त्यामुळे पश्चिम घाटातील पावसाळी गर्दी ओसरू लागते, त्या सुमारास बालाघाटाचे सौंदर्य भरास येते. पर्यटनाच्या नियोजनात या वेळेच्या फरकाचा लाभ घेता येण्यासारखा आहे.

बीड-जामखेड मार्गावरील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर असून श्रावणातील सोमवारी तेथे भाविकांची गर्दी होते. माथ्यावरून धबधब्याचे संपूर्ण दर्शन घडते, तर पायऱ्या उतरून गेल्यास कड्याची उंची खऱ्या अर्थाने जाणवते. मांजरसुंबा परिसरातील कपिलधार हे वीरशैव लिंगायत परंपरेतील संतकवी मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान आहे. तेथील धबधबा व हिरवीगार दरी यांमुळे तीर्थ आणि निसर्ग यांचा सुरेख संगम झालेला दिसतो.

याच काळात पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य सजीव होते. १९९४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. मोरांचा विणीचा काळ पावसाशी निगडित असल्याने पहाटे व सायंकाळी त्यांचे आवाज आणि नृत्य अनुभवता येते. पावसाळ्याच्या अखेरीस मोराची पिसे गळू लागतात. पिसाऱ्यासाठी येणाऱ्याने ही वेळ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

२) शरद ऋतू (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

ऑक्टोबरमधील उष्म्यामुळे हा काळ सामान्यतः पर्यटनास प्रतिकूल मानला जातो. बालाघाटात मात्र हा सीताफळाचा हंगाम होय. उथळ, मुरमाड जमिनीत आणि कमी पाण्यावर तग धरणारे हे झाड डोंगरउतारांवर, बांधांवर व पडीक जमिनीत मोठ्या प्रमाणावर आढळते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अंबाजोगाई येथे सीताफळ संशोधन केंद्र असून 'धारूर-६' या वाणाच्या नावातच या डोंगराळ तालुक्याची ओळख आहे.

सीताफळ झाडावरून उतरवल्यानंतर दोन-तीन दिवसांत पिकते आणि पिकल्यावर टिकत नाही. दूरच्या बाजारपेठेत पाठवताना होणारी नासाडी आणि मधल्या व्यापाऱ्याचा वाटा यांमुळे उत्पादकाच्या हाती अल्प रक्कम उरते. अशा नाशवंत फळासाठी डोंगरावर आलेला पर्यटक ही सर्वांत जवळची बाजारपेठ ठरते. घाटरस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या स्त्रिया हे अर्थशास्त्र जाणूनच तेथे बसलेल्या असतात.

कार्तिक पौर्णिमेस कपिलधारला भरणाऱ्या यात्रेसाठी महाराष्ट्राबरोबरच शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात. अनेक दिंड्या पायी येतात. पायी चालत डोंगर अनुभवण्याची ही परंपरा 'ट्रेकिंग' हा शब्द रूढ होण्यापूर्वीची आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

३) हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी)

पदभ्रमणासाठी हा सर्वोत्तम काळ होय. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि पहाटेचा गारठा हवाहवासा असतो. धारूरचा किल्ला या काळात सावकाश पाहता येतो. सोळाव्या शतकात, १५६७ च्या सुमारास, आदिलशाही सरदार किश्वरखान याने तो बांधला. पुढे निजामशाहीने तो जिंकल्यावर त्यास 'फतेहाबाद' हे नाव मिळाले. डोंगराच्या सोंडेवरील हा किल्ला तिन्ही बाजूंच्या दऱ्यांचा संरक्षणासाठी कसा उपयोग करून घेतो, हे तटावरून फिरताना उमगते.

अंबाजोगाईत निसर्ग आणि वाङ्मयेतिहास एकत्र नांदतात. शके १११० (इ.स. ११८८) मध्ये 'विवेकसिंधु' रचणारे मुकुंदराज यांची समाधी परंपरेनुसार येथील डोंगरकपारीत आहे. दासोपंतांची समाधी, योगेश्वरीचे मंदिर, 'हत्तीखाना' या नावाने ओळखली जाणारी शिवलेणी आणि बुट्टेनाथाची दरी ही सर्व स्थळे पायी फिरण्याजोगी आहेत.

पक्षिनिरीक्षकांसाठी माजलगाव, मांजरा व बिंदुसरा प्रकल्पांचे जलाशय महत्त्वाचे आहेत. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी येथे उतरतात. माळरानांवर काळविटांचे कळपही दृष्टीस पडतात. आष्टी तालुक्यातील सावरगावजवळचे मच्छिंद्रनाथांचे स्थान व पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड यांमुळे नाथपंथीय स्थळांची डोंगरवाट जोडता येते.

४) उन्हाळा (मार्च ते जून)

मार्चमध्ये पळस फुलतो आणि करड्या डोंगरावर केशरी ठिपके उमटतात. त्यानंतर मात्र पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि ओढे आटतात. या काळात बालाघाटास 'थंड हवेचे ठिकाण' म्हणून पुढे करणे म्हणजे पर्यटकाची फसवणूक होईल. पहाटेची भ्रमंती, मोकळ्या आकाशाखालचे तारकादर्शन आणि पाणवठ्यावरील प्राणिनिरीक्षण इतकाच मर्यादित वाव येथे राहतो. राज्यातील अनेक अभयारण्यांत बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून वन्यजीवांचे निरीक्षण केले जाते. त्या धर्तीवर मोजक्या व्यक्तींसाठी उपक्रम होऊ शकतो. उर्वरित काळ डोंगराला विश्रांती देण्याचाच आहे.

ऋतुचक्र आणि स्थलांतर

बीड जिल्ह्यातील लाखो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीची जोडी म्हणजे 'एक कोयता' या हिशेबाने मुकादमाकडून 'उचल' घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी पुढचे सहा महिने फडात घालवावे लागतात. घाटमाथ्यावरील हलकी जमीन, सिंचनाचा अभाव आणि एकाच खरीप पिकावरील भिस्त ही या स्थलांतराची प्रमुख कारणे होत.

हे वेळापत्रक पर्यटनाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवले असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ज्या शरद व हिवाळ्यात बालाघाट फिरण्यास सर्वाधिक अनुकूल असतो, नेमक्या त्याच काळात तेथील गावे ओस पडलेली असतात. वाट दाखविणारा, भाकरी करून घालणारी, सीताफळ उतरवणारा असे कर्ते हात फडात असतात आणि गावात उरतात ती प्रामुख्याने वृद्ध माणसे व मुले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्थलांतर दिवाळीच्या सुमारास होत असले तरी त्याचा निर्णय बराच आधी, उचल स्वीकारली जाते त्या क्षणी होतो. पेरणीचा खर्च, आजारपण, मुलांची शाळा, घरातील लग्न अशा निकडीपोटी पावसाळ्याच्या महिन्यांतच हात पसरावा लागतो. म्हणजे धबधबे पाहण्यासाठी शहरांतून वाहने येतात, त्याच श्रावण-भाद्रपदात डोंगरावरील कुटुंबाला रोख पैशाची सर्वाधिक चणचण असते.

निष्कर्ष असा की, पावसाळी पर्यटनातून मिळणारी लहानशी रोख रक्कमदेखील तिच्या आकाराहून मोठी कामगिरी करू शकते, कारण ती योग्य वेळी येते. उचल न घेता किंवा कमी घेता आली तर स्थलांतराची सक्ती तेवढी सैल होते आणि हिवाळी पर्यटनासाठी गावात माणसे राहतात. अर्थात पर्यटन हा ऊसतोडीला संपूर्ण पर्याय ठरेल, असा दावा येथे अभिप्रेत नाही. लाखोंच्या रोजगाराची भरपाई काही स्थळांच्या पर्यटनातून होणे शक्य नाही. परंतु सौताडा, कपिलधार, नायगाव, धारूर यांच्या भोवतालच्या मोजक्या गावांत काही कुटुंबांना निवडीचे स्वातंत्र्य मिळणे, हेही सामाजिक दृष्टीने उपेक्षणीय नव्हे.

प्रमुख अडचणी

१. पावसाची अनिश्चितता : २०१२-१३ व २०१५-१६ या दुष्काळी वर्षांनी जलाशयांचे तळ उघडे पाडले. मांजरा धरण आटल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी व पुराने जिल्ह्याला झोडपले. केवळ धबधब्यावर विसंबलेले पर्यटन दोन्ही प्रसंगी कोलमडते. म्हणून किल्ले, लेणी, पक्षी, फळबागा अशी विविधता जपणे आवश्यक आहे.

२. पाण्याची वाटणी : ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे पर्यटकांसाठी तरणतलाव असलेले रिसॉर्ट उभे राहिल्यास संघर्ष अटळ आहे.

३. सुरक्षितता : ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. निसरडे कडे व अचानक वाढणारा प्रवाह यांचा धोका बालाघाटातही आहे. तसेच २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत काही जणांचा बळी गेला. जंगलात वावरण्याची शिस्त पर्यटकाने पाळणे क्रमप्राप्त ठरते.

४. अधिवासावरील ताण : जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यल्प आहे. वाहनांची गर्दी, ध्वनिवर्धक व प्लॅस्टिक कचरा यांचा परिणाम मोरांच्या विणीवर व माळरानांवर होऊ शकतो. माथ्यावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांमुळे भूदृश्यही पालटले आहे.

५. सोयींचा अभाव : स्वच्छतागृहे, माहितीफलक, प्रशिक्षित वाटाडे व साधी पण स्वच्छ निवासव्यवस्था यांची उणीव भासते. स्त्री-पर्यटकांच्या दृष्टीने ही उणीव अधिक गंभीर आहे.

संधी व उपाययोजना

दळणवळणाच्या बाबतीत परिस्थिती पालटत आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग बालाघाट ओलांडून मांजरसुंब्यावरून बीडला जातो. अहिल्यानगर-बीड-परळी वैजनाथ या २६१ किलोमीटर लांबीच्या बहुप्रतीक्षित लोहमार्गावर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत रेल्वे धावली. शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारलेले आहे. या पार्श्वभूमीवर पुढील उपाय सुचविता येतील.

१. ग्रामव्यवस्थापन : सातारा जिल्ह्यातील कास पठारावर भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पर्यटकांची दैनिक संख्या मर्यादित ठेवून प्रवेशशुल्क आकारतात. त्यातून स्थानिकांना हंगामी काम मिळते. सौताडा व नायगाव येथे ही पद्धत स्थानिक परिस्थितीनुसार अवलंबिता येईल.

२. घरगुती निवास व भोजन : बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा आणि हंगामी सीताफळ यांसाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. महिला बचत गटांमार्फत ही व्यवस्था झाल्यास उत्पन्न गावातच राहील.

३. ऋतुदर्शिका : कोणत्या महिन्यात काय पाहावे व काय टाळावे, याची प्रामाणिक माहिती देणारी पुस्तिका काढावी. 'धबधबा सध्या कोरडा आहे' हे सांगणारी पुस्तिका पर्यटकाचा विश्वास कमावते.

४. मुख्य स्थळांवर वाटाड्यांचे प्रशिक्षण : गावात राहणाऱ्या तरुणांना प्रथमोपचार, पक्षी-वनस्पतींची ओळख व स्थानिक इतिहास यांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांचा मोबदला पावसाळ्यातच रोखीने मिळेल, असे पाहावे.

५. महाविद्यालयांचा सहभाग : जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी या नोंदींत साहाय्य करावे. भूगोल विभागाने पायवाटांचे नकाशे, इतिहास विभागाने स्थळपुस्तिका आणि अर्थशास्त्र विभागाने पर्यटक-खर्चाचे सर्वेक्षण हाती घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांसाठी धारूर वा सौताडा यांहून उत्तम प्रयोगशाळा मिळणे कठीण.

समारोप

बालाघाट हे बारमाही थंड हवेचे ठिकाण नाही आणि तसे भासविण्याची आवश्यकताही नाही. वर्षा ऋतूतील धबधबे व मोर, शरदातील सीताफळ, हिवाळ्यातील किल्ले, लेणी व पक्षी आणि उन्हाळ्याच्या उंबरठ्यावरचा पळस असे त्याचे आकर्षण ऋतूगणिक पालटते. निसर्गप्रेमी पर्यटकाला पुन्हा पुन्हा यावेसे वाटावे, असे कारण या पालटातच दडलेले आहे.

तथापि या पर्यटनाचे यश वाहनांच्या संख्येवर मोजता येणार नाही. दिवाळीनंतर डोंगरावरील किती घरांना कुलूप लागले नाही, हा त्याचा खरा निकष मानावा लागेल. श्रावणात मिळालेल्या चार पैशांमुळे एखाद्या कुटुंबाने उचल नाकारली, त्या घरातील मूल वर्षभर एकाच शाळेत बसले आणि पौषातल्या थंडीत आलेल्या पाहुण्याला धारूरच्या तटावर नेण्यासाठी त्या घरचा माणूस गावातच होता, एवढे जरी साधले तरी बालाघाटाचे ऋतुचक्र पाहुण्याबरोबर यजमानालाही लाभले, असे म्हणता येईल.